मुक्काम एक रात्र

आमच्याकडे पाहुण्यांची एक वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, वाण्याकडे उधारी लिहायला असते तसली. तिच्यात मी पट्टीनं सात रकाने आखलेत. नाव, गाव, माणसं किती, कुठून आले, कधी आले, किती रात्री, पुढे कुठे. ह्यांच्या मनात हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं होतं. पण आमच्याकडे मृगाचा पहिला पाऊस पडला की वीज जी जाते ती तिच्या मर्जीनं येते, आणि वहीला चार्जिंग लागत नाही. तेव्हा वही.

या वहीच्या फेब्रुवारीतल्या एका पानावर 'गाव' या रकान्यात माझ्या अक्षरात 'फ्रान्स' असं लिहिलेलं आहे. वरच्या ओळीत कोथरूड, खालच्या ओळीत इचलकरंजी, मधे फ्रान्स.

आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशी आणि हर्णैच्या मधे. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आगरं. न्याहारी निवास आम्ही चालवतो त्याला आता चार वर्षं झाली. खोल्या तीनच. पुण्या-मुंबईची माणसं येतात, कोल्हापूर-सांगलीकडची येतात, शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की फोन थांबत नाही. पण परदेशी माणूस कधी आला नव्हता. तो आला दिवेलागणीला, सायकलवरून. खळ्यात सायकल उभी करून हात जोडून 'नमस्ते' म्हणाला. मी स्वयंपाकघरात होते. सासूबाई ओटीवर झोपाळ्यावर बसलेल्या. त्यांनी आतमधे हाक दिली, "अगो, कोणी गोरा आलाय बघ. आधी पाणी दे त्याला, नाव-गाव मग विचार."

गूळ-पाणी दिलं. गुळाचा खडा त्यानं आधी हातात फिरवून पाहिला, मग अख्खा तोंडात टाकला. मग वाट सांगितली: भाऊच्या धक्क्यावरून रोरो बोटीनं मांडवा, तिथून रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याच्या जेटीवरून दिघी, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून खाडी ओलांडून वेश्वी. किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायचं होतं त्याला. हे ऐकून हे एकदम खुलले. हे भूगोलाचे मास्तर होते, तीस वर्षं नकाशे टांगण्यात आणि काढण्यात गेली, आणि आता एक माणूस नकाशावरून चालत आल्यासारखा समोर बसलेला. लगेच रेवदंड्याच्या निकितिनची गोष्ट निघाली. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला, बरोबर विकायला एक घोडा होता, आणि जाईल तिथं लोक गोऱ्या माणसाकडे बघत मागं लागायचे असं त्यानं लिहून ठेवलंय. हे सांगत होते तेव्हा आमच्या कुंपणाबाहेर शेजारची सहा पोरं उभी होती. साडेपाचशे वर्षांत फरक एवढाच, की त्यांच्यातल्या दोघांच्या हातात मोबाइल होते.

खरी गंमत पुढे होती. परदेशी माणूस मुक्कामाला राहिला की चोवीस तासांच्या आत 'फॉर्म सी' ऑनलाइन भरायचा, असा तेव्हाचा नियम, तो आम्हाला निवास सुरू करतानाच सांगितलेला. ह्यांनी तेव्हाच लॉगिन वगैरे करून ठेवलं होतं आणि पासवर्ड 'सुरक्षित जागी' लिहून ठेवला होता. ती सुरक्षित जागा शोधण्यात पाऊण तास गेला. पासवर्ड सापडला 2021 च्या कालनिर्णयच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली. मग रेंज. आमच्या घरात रेंज येत नाही, ती येते मागच्या रहाटाच्या विहिरीपाशी, तीही कठड्याला टेकून डावीकडे उभं राहिलं तर. तर रात्री साडेआठला डोक्याला बॅटरी बांधून हे विहिरीपाशी उभे, शेजारी फ्रान्सचा नागरिक पासपोर्ट उघडून उभा, मी डासांची अगरबत्ती घेऊन उभी. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, किती दिवस राहणार, येण्याचा हेतू काय. मी म्हटलं, बाई, हे तर माझ्या वहीतलेच रकाने आहेत. सरकारची आणि माझी पट्टी एकच.

जेवायला कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाच्या कुयरीची भाजी आणि सोलकढी होती. सोलकढी त्याला आधी गुलाबी दूध वाटली आणि मग त्यानं चार वाट्या घेतल्या. इंग्रजी त्याचंही बेताचं, ह्यांचंही बेताचं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं छान समजत होतं. ह्यांनी मास्तरकीच्या सवयीनं त्याला सांगितलं, की तुमच्या देशात जगात सगळ्यात जास्त पर्यटक जातात, वर्षाला दहा कोटी. तो मान हलवून हसला. त्याचं गाव दक्षिणेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याजवळ आहे. उन्हाळ्यात हॉलंड-बेल्जियमच्या गाड्या येतात, माणसं एक रात्र झोपतात, सकाळी उठून स्पेनच्या समुद्राकडे जातात. गावाचं नावही त्यांना ठाऊक नसतं, म्हणाला.

हे म्हणाले, "म्हणजे तुमचं गाव स्पेनच्या वाटेवरचं पेण."

त्याला हे समजावून सांगायला पुढची दहा मिनिटं लागली आणि विनोद त्यात मेला. पण माझ्या डोक्यात ते बसलं.

सकाळी तो पहाटेच उठून किनाऱ्यावर गेला, कासवांची पिल्लं सोडतात ते बघायला. घरट्यांवर टोपल्या उपड्या घातलेल्या असतात, कासवमित्र एकेक टोपली उचलून बघतात. त्या दिवशी एका टोपलीखाली अकरा निघाली. परत येऊन त्यानं मऊ भात, मेतकूट आणि तूप खाल्लं, तळहातावर पिल्लू केवढं होतं ते सासूबाईंना दाखवलं, आणि नऊ वाजता निघाला. मी वहीत लिहिलं: रात्र एक. पुढे कुठे, गोवा.

जुलैत, पाऊस मुरल्यावर, खोल्या रिकाम्या आणि पापडाच्या डब्यांना आतून ओल धरलेली, अशा दिवसांत डोंबिवलीच्या धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर एक यादी पाठवली. जगात सर्वाधिक परदेशी पर्यटक येणारे देश. फ्रान्स पहिला, स्पेन दुसरा, अमेरिका तिसरी, मग तुर्कस्तान, इटली, मेक्सिको असं करत. खाली त्यांचा शेरा: 'एवढा सुंदर आपला देश, पहिल्या दहात का नाही???' त्यावर अंगठे, तिरंगे, एक रडकं तोंड. नणंदेनं लिहिलं, 'स्वच्छता!!' कुणी रस्त्यांवर घसरलं. ह्यांना मात्र तीस वर्षांत पहिल्यांदाच वर्गानं आपणहून प्रश्न विचारल्याचा आनंद झाला. विहिरीपाशी छत्री घेऊन गेले आणि पुढचे तीन दिवस तिथंच ये-जा. मला त्यातून जे कळलं ते आकड्यांपेक्षा रकान्यांचं होतं.

ही यादी ज्या मोजणीवर उभी आहे ती संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची. तिचं कार्यालय माद्रिदला. त्यांच्या व्याख्येत पर्यटक व्हायला किल्ला बघावा लागत नाही, फोटो काढावा लागत नाही, समुद्रात पाय बुडवावा लागत नाही. एक रात्र झोपावं लागतं. आपल्या नेहमीच्या मुलुखाबाहेर जाऊन, वर्षाच्या आत परतायच्या हिशेबानं, तिथं नोकरी न धरता निदान एक रात्र काढली की माणूस पर्यटक. दिवसा येऊन संध्याकाळी परतला तर तो पाहुणा खरा, पण पर्यटक नव्हे, त्याचा रकाना वेगळा. व्हॅटिकनमधे सगळी दुनिया जाते, पण तिथं पर्यटकाला झोपायला हॉटेलच नाही. सगळे झोपतात रोममधे, म्हणजे इटलीच्या रकान्यात.

आणि मोजतात ती माणसं नव्हेत, आगमनं. आमच्याकडे ते कोथरूडचे गृहस्थ वर्षातून तीनदा येतात, ते तीन. फ्रान्सच्या चहूबाजूंनी सधन शेजारी, बहुतेक सरहद्दींवर नेहमीची तपासणी नाही, गाडीत सामान टाकलं की निघाले. उत्तरेकडच्यांना ऊन दक्षिणेत, आणि दक्षिणेची वाट फ्रान्समधून. पॅरिस आहेच, आल्प्स आहेत, दारू-चीज आहे, ते कोण नाकारतो. पण दहा कोटींमधे त्या सायकलवाल्याच्या गावात एक रात्र झोपून गेलेले सगळे आले. फ्रान्सची वस्ती सात कोटींच्या आत. स्पेनची पाच कोटींच्याही आत, आणि 2024 मधे तिथं आलेले परदेशी पर्यटक 9 कोटी 38 लाख.

मग मी आमच्या महामार्गाचा विचार करत बसले. नाताळात नि मे महिन्यात मुंबईहून गोव्याला किती गाड्या जातात. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, चिपळूण, संगमेश्वर, सगळा कोकण उभा चिरत जातात. माणगावात दोन-दोन तास कोंडून पडतात, तेवढ्यात एक वडापाव, एक चहा आणि 'बाथरूम कुठाय?' एवढाच त्यांचा आणि आमचा संबंध. त्यातल्या दहातल्या दोघांनी जरी कुठं एक रात्र पाठ टेकली असती, तरी आमची वहीसुद्धा फ्रान्ससारखी दिसली असती. हे मी ह्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "त्यात एक अडचण आहे. फ्रान्सचा रस्ता पूर्ण झालेला आहे."

पैशाची यादी काढली की क्रम फिरतो हेही ह्यांनीच दाखवलं. पर्यटकांकडून होणाऱ्या मिळकतीत 2024 मधे अमेरिका पहिली, मग स्पेन, मग ब्रिटन, आणि डोकी मोजताना पहिलं असलेलं फ्रान्स चौथं. यात मला कुणी शिकवायला नको होतं. एप्रिलमधे चौदा जणांचा एक ग्रुप आला. वहीत 'माणसं 14, रात्र 1'. तीन खोल्यांत, ओटीवर, गच्चीवर झोपले. जेवण बाहेर, कारण त्यांना मासे हवे होते आणि आम्ही शाकाहारी. सकाळी चादरी चौदा, टॉवेल चौदा, टाकी रिकामी. आणि त्याच महिन्यात नाशिकचं एक निवृत्त जोडपं. 'माणसं 2, रात्री 9'. ते गृहस्थ रोज सकाळी पाटाच्या पाण्याशी ह्यांच्याबरोबर फिरायचे, आणि त्या बाई दुपारी सासूबाईंच्या शेजारी पाय पसरून बसायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी न विचारता विळी ओढली. आमसुलांचे दिवस होते. रातांबा फोडायचा, बिया नि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात, आणि त्या रसात ती परत परत भिजवून वाळवायची. हाताला जो रंग चढतो तो आठवडाभर जात नाही. नाशिकला परतल्यावर त्यांनी फोन केला तो पैशाचं विचारायला किंवा पोचलो सांगायला नव्हे, बोटं अजून लालच आहेत हे सांगायला.

या दोन ओळी वहीत खालीवर आहेत. यादी करायची झाली तर पहिला नंबर चौदाचा.

आम्ही हा धंदा हौसेनं धरला असं लोकांना वाटतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. त्याआधी आमच्याकडे पोफळी होत्या, सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी लावलेल्या. सकाळी अकरापासून वारा सुरू झाला. आम्ही माजघरात बसलो होतो, कौलं उडत होती, त्यांचा आवाज येत होता, पण पोफळींचा आवाज वेगळा. कडकन् नाही मोडत ती, एक लांब कण्हल्यासारखा आवाज येतो नि मग धप्. सासूबाई जपमाळ हातात घेऊन बसलेल्या, पण जप करत नव्हत्या, मोजत होत्या. त्रेसष्टपर्यंत मोजलं नि मग थांबल्या. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा घरातून समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून मी या घरातून समुद्र ऐकला होता, पाहिला नव्हता. मधे आगर होतं ना.

पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. तोवर खायचं काय? भरपाई मिळाली त्यात कौलं झाली. तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, आता घरातून समुद्र दिसतो, खोल्या काढा. आजही फोनवर लोक विचारतात, 'सी व्ह्यू आहे का?' आहे म्हणते.

त्याच वर्षी सगळ्या जगाची वही रिकामी पडली होती. 2019 मधे जगभरात मिळून जवळजवळ 146 कोटी आगमनं, 2020 मधे 40 कोटींच्या आसपास. स्पेनचे 8 कोटी 35 लाखांचे दोन कोटीसुद्धा राहिले नाहीत. ज्यांनी मासेमारी, शेती सोडून सगळा भार पाहुण्यांवर टाकला होता त्यांचं त्या साली काय झालं असेल, याचा विचार आम्ही खोल्या काढताना करायला हवा होता. केला नाही. ह्यांनी मात्र नवीन पोफळी लावल्या, एका ओळीत, अगदी समुद्राच्या बाजूला. मोठ्या झाल्या की पुन्हा व्ह्यू जाईल, असं मी म्हटलं. म्हणाले, जाऊ दे.

स्पेनमधे बेनिडॉर्म म्हणून एक गाव आहे. ट्यूना मासा धरणाऱ्या कोळ्यांचं गाव होतं ते. गेल्या शतकाच्या मध्यानंतर तिथं पर्यटन सुरू झालं आणि आता समुद्राला लागून उंचच उंच इमारती. ह्यांनी फोटो दाखवला तेव्हा मी हर्णै बंदरावरचा दुपारचा लिलाव डोळ्यापुढे आणून बघितला. टोपल्या, बर्फ, ओरडा, बगळे. त्याच्या डोक्यावर चाळीस मजले ठेवून बघितले. जमेना.

त्या देशातल्या लोकांनाही आता जमेनासं झालंय. जुलै 2024 मधे बार्सिलोनात हजारो माणसं मोर्चा काढून रस्त्यावर आली, आणि त्यातल्या काहींनी हॉटेलांबाहेर बसून खाणाऱ्या पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी मारलं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना त्यात काही गैर वाटलं नाही. "शिमगा असेल त्यांचा." मग सांगितलं, की नाही, घरं भाड्यानं मिळत नाहीत त्यांना, सगळी पाहुण्यांना दिलेली असतात, भाडी वाढलीत. बार्सिलोनानं ठरवलंय, की 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या दहा हजार सदनिकांचे परवाने बंद करायचे. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, "मग खालच्या आळीतल्या घरांचं तेच होणार काय?" खालच्या आळीत पाच घरं मुंबईच्या लोकांनी घेतलीत. वर्षातले तीनशे दिवस कुलूप. शाळेतल्या बाई दापोलीहून रोज एसटीनं येतात, कारण गावात भाड्यानं खोली मिळत नाही. एका रात्रीचं जे मिळतं ते त्यांना महिन्याचं परवडणार आहे थोडंच? यात मीही आले. तीनातली एक खोली त्यांना द्यावी असं मनात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा मे महिना जवळ आला होता.

पाण्याचं तर विचारूच नका. त्या मोर्च्याच्या आधी काही महिने, फेब्रुवारीत, बार्सिलोनाच्या मुलुखात, म्हणजे कॅटालोनियात, दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली होती. माणशी दिवसाला 200 लिटरची मर्यादा. आमची विहीर एप्रिलच्या शेवटाला तळ दाखवायला लागते. मी न्हाणीघरात पाटी लावली आहे, 'पाणी जपून वापरा', त्याखाली नळाचं चित्रसुद्धा काढलंय. एक गृहस्थ समुद्रातून आले नि अर्धा तास शॉवरखाली. मी बाहेर उभी राहून पंपाचा आवाज ऐकत होते. बाहेर आल्यावर प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "काय पाणी आहे हो तुमच्या विहिरीचं!" काय बोलणार? आहे नाही, होतं.

आणि गाड्या. दर मोसमात दोन-तीन तरी बहाद्दर वाळूत जीप घालतातच. ओहोटीला वाळू कडक दिसते, फोटो छान येतो, आणि मग चाक रुततं. तितक्यात भरती. मग धावाधाव, मग वरच्या वाडीतला ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्यानं आता दर ठरवून टाकलाय, पाणी चाकाला लागायच्या आधी एक, लागल्यावर दुप्पट. त्याच वाळूत कासवं अंडी घालतात हे त्यांना सांगितलं तर चटकन वाईट वाटतं, माणसं वाईट नसतात. 2025 मधे पेपरात आलं होतं, 2021 मधे ओडिशात टॅग लावलेली एक कासवीण त्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर. रात्री आली, अंडी घातली, उजाडायच्या आत परत. तिला तर कुठल्याच रकान्यात घालता येणार नाही.

आता दिरांच्या प्रश्नाचं उत्तर. भारतात 2019 मधे परदेशी पर्यटक आले 1 कोटी 9 लाख. 2023 मधे 95 लाख. फ्रान्सच्या दहाव्या हिश्शाइतके. शेजारी कोण, त्यांच्याशी संबंध कसे, व्हिसा किती सोपा, विमान किती महाग, हे सगळं त्यात येतं, नुसती स्वच्छता नव्हे. पण ह्यांना तिथं आणखी एक रकाना सापडला. आपलं पर्यटन खातं दुसराही एक आकडा देतं, परदेशात राहणारे भारतीय घरी आले त्यांचा. 2023 मधे तो 94 लाखांच्या घरात. म्हणजे जेवढे परके आले, जवळजवळ तेवढेच आपले आले, आणि जागतिक मोजणीला दोन्ही मिळून 1 कोटी 89 लाख जातात.

मोरोक्कोत 2024 मधे 1 कोटी 74 लाख पर्यटक आले. इजिप्तला मागे टाकून आफ्रिकेत पहिला नंबर. त्यातले निम्मे कोण, तर फ्रान्स, स्पेन, बेल्जियम अशा देशांत कामाला गेलेले मोरोक्कोचेच लोक, सुट्टीत घरी आलेले. तुर्कस्तानही आपल्या साऱ्या पाहुण्यांचा आकडा सांगताना बाहेर राहणारे आपले नागरिक त्यात धरतं.

मी म्हटलं, अहो, हे तर चाकरमानी!

गणपतीला आमच्या गावात उभं राहायला जागा नसते. एसटीच्या जादा गाड्या, कोकण रेल्वेच्या जादा गाड्या, ट्रकमधून, टेम्पोतून, दुचाकीवर दोन पोरं नि मखराचं सामान घेऊन सगळी मुंबई खाली उतरते. कुलुपं निघतात, कोळिष्टकं झाडली जातात, चुली पेटतात. महिनाभर आधी तिकिटांसाठी मारामारी. गावाची वस्ती तिप्पट होते, आणि पर्यटनाच्या कुठल्या बैठकीत 'कोकणातला सर्वात मोठा मोसम कोणता' विचारलं तर लोक मे महिना सांगतात. हे लोक मुक्काम करतात, खर्च करतात, मासे-नारळ-फुलं घेतात, देवळाला वर्गणी देतात, जाताना तांदळाच्या पिठाची पिशवी नेतात. सगळं पर्यटकासारखंच, फक्त ते स्वतःच्या घरी झोपतात नि आपण त्यांना मोजत नाही. मोरोक्को मोजतो.

2025 मधे गणपती 27 ऑगस्टला होता. खोल्या मी त्या आठवड्यात देत नाही. घरातच बावीस माणसं. त्यात मोठ्या दिरांचा मुलगा न्यू जर्सीहून आला, बायको आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन. मोठे दीर गेले तेव्हा वारसात त्याचं नाव सातबाऱ्याला लागलंय. एकूण सोळा नावं आहेत त्यावर, त्यातली चार हयात नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. ह्यांनी त्याला आल्या आल्या ओटीवर बसवून सांगितलं, की तू आता देशाच्या आकड्यात 'परदेशी पर्यटक' आहेस, गेल्या वेळेपर्यंत दुसऱ्या रकान्यात होतास. तो हसला, पण मोदक वळायला बसला तेव्हा दोनदा विचारलं, "काका, खरंच तसं मोजतात?"

त्याच्या मुलीला माझी वही सापडली. दोन दिवस ती पडवीत हॉटेल-हॉटेल खेळत होती. पेन्सिल कानावर, आणि जाईल-येईल त्याला अडवून नाव लिहून घेत होती. अक्षरं इंग्रजी, प्रश्न मराठी, कारण ते मी तिला शिकवले होते. डोंबिवलीच्या काकांनी 'कुठून आले' मधे 'बाजारातून' लिहवलं. गुरुजी आरतीला आले, त्यांच्याकडून तिनं 'किती रात्री' वदवून घेतलंच. मग ती झोपाळ्याकडे गेली. सासूबाईंना आता ऐकायला कमी येतं, त्यामुळे प्रश्न ओरडून.

"पणजी, कुठून आलात?"

"माजघरातून."

"किती रात्री?"

सासूबाईंनी पायानं झोपाळा थांबवला. "ते काही मला सांगितलेलं नाही बाय कुणी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी पातोळ्यांची पानं पुसत होते, काही बोलले नाही. थोडा विचार करून तिनं तिथं 100 लिहिलं.

ते पान तसंच आहे. त्याच्या खालची ओळ सांगलीची. माणसं पाच, रात्री दोन, पुढे गणपतीपुळे.